न सापडलेलं वचन

थोरल्या मुलानं स्वतःचं आयुष्य संपवलं, तेव्हा चर्चचे पाळकसाहेब आईला हळूच म्हणाले होते, "असं जाणाऱ्याला स्वर्गाचं दार बंद असतं, शास्त्रच सांगतं." परिचारिका असलेल्या त्या आईनं निमूट ऐकून घेतलं. लग्न, बाप्तिस्मा, आजारपण, सगळ्यात ज्यांच्या शब्दावर घर चाललं, त्यांना उलट काय विचारायचं?

पण जीव थाऱ्यावर राहीना. ते वचन एकदा डोळ्यांनी पाहिलं, की मनाची समजूत तरी घालता येईल, असं तिला वाटलं. वॉर्डातल्या कामातून सवड मिळाली की ती शास्त्र, म्हणजे घरातलं बायबल, उघडून बसे. होता होता सगळं वाचून झालं. वचन सापडलं नाही.

रविवारी मंडळी पांगल्यावर तिनं पाळकसाहेबांपुढे शास्त्र धरलं. "साहेब, माझ्या नजरेतून निसटलं असेल. तेवढं दाखवा ना."

त्यांनी बराच वेळ पानं चाळली. मग चष्मा काढून ते बाकावर टेकले.

"बाई, असं वचन नाही. मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं, तेच मी पुढं सांगत आलो. कधी शोधलंच नाही."

तिला वाटलं होतं, आपण संतापू. पण तसं झालं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा म्हातारा सुतार हुंदके देऊ लागला. त्याची बायको कशी गेली, हे त्यानं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.