वरचा कोट

वार्निशच्या बाबतीत देवराव पॉलिशवाला मोठा खडूस माणूस होता. कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत त्याची बोटं खुर्चीच्या हातावर फिरायची, आणि जरा खरखर लागली की चहाची चव गेलीच म्हणून समजा. अशा माणसाच्या सक्करदऱ्यातल्या अंगणात ट्रकमालक मधुकररावांच्या बायकोनं, शोभाताईंनी, ती फळी सायकलरिक्षातून पाठवली, तेव्हा त्यानं आधी तोंडच फिरवलं.

फळी पिनबॉलच्या मशीनची होती. काचेखाली जिच्यावरून लोखंडी गोळी धावते, ती. सीताबर्डीवर खेळघर काढायचं म्हणून मधुकररावांनी हे मशीन मुंबईहून जुनं आणलं होतं. खेळघर निघालंच नाही. मशीन सात वर्षं शहराबाहेर वाडीला असलेल्या त्यांच्या गोदामात तरटाखाली पडून राहिलं, आणि त्याला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. आता ते कामानं रायपूरला गेले होते. ते येईपर्यंत मशीन दुरुस्त करून ठेवावं असं शोभाताईंच्या मनात आलं. नवरा खूश होईल, एवढंच त्या बिचारीला वाटलं.

देवरावनं तोंड फिरवलं त्याचं कारण वेगळं होतं. त्या फळीवर वार्निश मारलं होतं त्याच्या थोरल्या भावानं, धोंडबानं. तेच त्याचं शेवटचं काम. गोदामात ते संपवून धोंडबा संध्याकाळच्या गाडीनं कोण्या बाईसोबत निघून गेला, असं खुद्द मधुकररावांनी सांगितलं होतं. देवराव तेव्हा चौकशीला वाडीला गेला होता. गोदामामागच्या पडक्या विहिरीत ट्रकमधून मुरूम पडत होता, त्या धुरळ्यातच दोघं उभ्यानं बोलले. मधुकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहा पाजला. देवराव शरमेनं खाली मान घालून घरी आला.

तेव्हापासून घरात भावाचं नाव निघालं की तो उठून जायचा. वहिनी, प्रयागबाई, मात्र कुंकू लावत राहिली. रोज रात्रीच्या स्वयंपाकात एक भाकरी जास्तीची थापायची आणि सकाळी तीच शिळी स्वतः खायची. माणूस यावा, नाहीतर त्याची खबर यावी, एवढंच तिचं मागणं होतं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. देवरावला तिचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

शेवटी शोभाताईंचा शब्द मोडवेना, म्हणून त्यानं फळी दोन स्टुलांवर ठेवली. चित्र सुरेख होतं. सर्कशीचा तंबू, झुल्यावरची बाई, खाली जबडा वासून बसलेला वाघ. पण वरचं वार्निश बघवत नव्हतं. दुधावरच्या सायीसारखं ते आक्रसलं होतं, पिवळं पडलं होतं, जागोजागी पापुद्रे सुटले होते. वर त्यात ब्रशचे केस अडकलेले. देवरावनं मनातल्या मनात भावाला शिवी हासडली. बाईच्या नादात काम पण नासवलं लेकाच्यानं.

थिनर ओतून भागणार नव्हतं. वार्निशसोबत वाघही चिंधीत उतरून आला असता. म्हणून त्यानं फळी उन्हात तापू दिली आणि ब्लेड आडवं धरून एकेक पापुद्रा उचलत गेला. झुल्यावरच्या बाईपाशी मोठा तुकडा हातात आला आणि तो थबकला. खाली उघडा रंग नव्हता. खाली आणखी एक कोट होता, नितळ, पातळ, एकही केस नसलेला. तो कोणाचा हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याला ब्रश धरायला शिकवलं होतं ते याच हातानं.

मग वरचा कोट कोणाचा? तो आक्रसला होता तो खालचा ओला असतानाच कोणीतरी घाईनं फासल्यामुळे. धोंडबानं असलं काम मेला तरी केलं नसतं. देवरावला आधी हायसं वाटलं, मग भीती वाटली.

तो पुढे सोलत गेला. तंबूच्या कडेला खालच्या कोटात एक पंजा उमटलेला निघाला. ओल्या वार्निशात दाबला गेलेला आणि तसाच काठाकडे घसरत गेलेला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. धोंडबाचं ते बोट तरुणपणी लाकूड कापायच्या आरा मशीनवर गेलं होतं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. मधुकरराव रायपूरहून परतले होते आणि बायकोनं कौतुकानं सांगितलेली बातमी ऐकून तडक इकडेच आले होते. देवरावनं फळीवर ओलं फडकं टाकलं. मधुकरराव गोड बोलले. बायकांना काही कळत नाही, फळी परत न्यायला रिक्षा बोलावतो, म्हणाले. मग त्यांना खाली पडलेले पापुद्रे दिसले. त्यांनी फडकं उचलून पाहिलं.

"थिनरनं सगळं पुसून टाक गा," ते हळूच म्हणाले. "चित्र गेलं तरी चालते मले."

आणि त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांपूर्वी ठेवला होता तिथंच.

देवरावनं थिनरचा डबा उचलला. ह्या माणसाचे ट्रक होते, माणसं होती, वरपर्यंत ओळखी होत्या. वहिनी इतकी वर्षं थांबलीच आहे, आणखी थांबेल, असा विचार त्याच्या मनात आला. येऊ नये, पण आला.

प्रयागबाई पिठाच्या हातानं बाहेर आली ती स्कूटरचा आवाज ऐकून. तिची नजर फळीवर गेली. ती जवळ आली, वाकली, आणि तिनं आपला हात त्या पंजावर ठेवला. तिची चार बोटं त्याच्या बोटांत मावली. करंगळीशेजारचं तेवढं बाहेर राहिलं.

"भाऊजी, वरचा कोट कोणाचा हाय?" तिनं विचारलं. पॉलिशवाल्याच्या घरात जन्म काढलेली बाई ती.

देवरावनं डब्याचं झाकण लावलं आणि ब्लेड परत हातात घेतलं. "दादाचा नाही, वहिनी."

प्रयागबाईनं जाऊन अंगणाच्या दाराला कडी घातली. "बसा, मधुकरराव," ती म्हणाली. "त्याले कुठं ठेवलं थे सांगा. मंग जा."

मधुकररावांनी कडीकडे पाहिलं, देवरावच्या हातातल्या ब्लेडकडे पाहिलं आणि ते ओट्यावर बसले. इतकी वर्षं असं थेट कोणी विचारलंच नव्हतं म्हणून की काय, एकदा सुरू झाले ते थांबेनात. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं मशीन बघायला यायची होती, त्यांना चकाकी हवी होती. धोंडबा म्हणत होता, पहिला कोट वाळल्याशिवाय दुसरा मारणार नाही. शब्दानं शब्द वाढला. त्यांनी ढकललं, फक्त ढकललं. धोंडबानं फळीचा आधार घ्यायला हात टाकला तर वार्निश ओलं, हात घसरला आणि डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं. मग तो पंजा दिसू नये म्हणून त्यांनी स्वतःच ब्रश घेतला.

"कुठं?" प्रयागबाईनं परत तेवढंच विचारलं.

"गोदामामागची थे विहीर," मधुकरराव म्हणाले. "मुरूम टाकून बुजवली."

प्रयागबाईनं कडी काढली. गल्लीतल्या बायांना, त्या हसणाऱ्या बायांनाच, तिनं आत बोलावलं आणि मधुकररावांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

देवरावला ते ऐकू येत नव्हतं. त्याला तो चहा आठवत होता. विहिरीच्या काठावर उभा राहून तो प्यायला होता. कपात मुरुमाची धूळ पडली होती, ती फुंकून बाजूला करून.