आबा, मी आणि सत्तावीस नंबर

नमनाला घडाभर तेल नको म्हणून आधीच सांगून टाकते, मी खोटं बोलायचे. सहा वर्षं, दर रविवारी दीड-दीड तास, आणि तेही ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाशी. आता सगळं ऐका आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

मी बसस्थानकावर घोषणा करते. ‘गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक चारवरून सुटेल’ असं जी बाई म्हणते ना, ती मी. ड्रायव्हर अजून घरी दाढी करत असला तरी मी ‘थोड्याच वेळात’च म्हणते, कारण खरं सांगितलं तर लोक माझ्या खोलीची काच फोडतील. अशी पंधरा वर्षं नोकरी केली की खोटं बोलण्याची लाज जाते.

माझे सासरे, आबा, घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले आणि शेवटी काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. दुकान बंद झालं त्याचं त्यांनी फार वाईट वाटून घेतलं नाही. पण फुटबॉल सुटला तेव्हा मात्र माणूस जेवेना. आमच्या क्लबच्या मैदानावर बाराव्या ओळीत त्यांची जागा आहे, मी जन्मायच्या आधीपासूनची. त्यांच्या चिरंजीवांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. रविवारी तो झोपतो, आणि तेवढं मात्र मन लावून करतो.

एक दिवस आबा मला म्हणाले, “सूनबाई, तुझ्या आवाजावर शेकडो माणसं गाडीत चढतात. मला मैदानावर नेशील का? काय चाललंय तेवढं सांगत बस, बाकी काही नको.”

मलाही खेळातलं फारसं कळत नव्हतं. पण लग्न होऊन आले तेव्हा माझ्या वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ मी पिशवीच्या तळाशी दडवून ठेवलं होतं, ते या माणसाने एका रात्रीत चालू करून, एक शब्द न बोलता माझ्या उशाशी ठेवलं होतं. त्यांना नाही कसं म्हणणार?

आणि पहिल्याच सामन्यात आम्ही तीन-शून्यने हरलो. हरलो म्हणजे काय, आमची अकरा माणसं मैदानभर काहीतरी हरवल्यासारखी फिरत होती. आबा माझ्याकडे कान करून बसलेले, चेहरा असा उत्सुक की मला पुढे बोलवेना. गोल किती झाले ते लपवता येत नाही, लाउडस्पीकर आहे. पण गोल कसे झाले, खेळ कसा झाला, ते सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, “काय लढतायत आबा! थोडक्यात हुकलं हो!” आबांचा चेहरा खुलला. झालं, तिथून माझी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात सुरू.

सगळ्यात जास्त मी अकरा नंबरला वाढवलं. तो बिचारा डाव्या बाजूने धावायचा, बॉल पुढे जायचा आणि हा मागे राहायचा. माझ्या तोंडून मात्र तो दोन-दोन, तीन-तीन जणांना चकवायचा. “वीज आहे आबा, वीज!” असं मी म्हणायचे. मागच्या ओळीतला बेकरीवाला त्या अकरा नंबरला शिव्या घालायचा, तर आबा वळून त्याच्याशी भांडायचे, “तुम्हा लोकांना डोळे असून दिसत नाही!” बेकरीवाला माझ्याकडे बघायचा, मी डोळे मोठे करायचे, आणि तो भला माणूस गप्प बसायचा. पुढे आबांनी अकरा नंबरला माझ्याकडून कौतुकाचं पत्र लिहून घेतलं आणि ते पोस्टात टाकायला स्वतः माझ्याबरोबर आले. महिन्याभराने तो खेळाडू बारावी ओळ शोधत आला, आबांचा हात हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “नऊ वर्षं खेळतोय, काका. मला चांगलं म्हणणारे तुम्ही पहिलेच.” त्याचे डोळे भरून आले होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आणि मग या मोसमात सत्तावीस नंबर आला.

सतरा वर्षांचा पोरगा, क्लबच्याच मुलांच्या संघातून वर घेतलेला. साठाव्या मिनिटाला त्याला मैदानात उतरवलं तेव्हा बेकरीवाला म्हणाला, “याच्या शर्टात अजून एक मावेल.” पोराकडे बॉल आला. समोर दोघं धावून आले. त्याने काय केलं ते मला तेव्हा नीट कळलंही नाही, एवढंच दिसलं की ते दोघं एकमेकांवर आपटले आणि हा बॉल घेऊन पलीकडे चाललाय, बाजारातून भाजी घेऊन निघाल्यासारखा. सगळे प्रेक्षक उभे राहिले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझी वाचा बसली.

“काय झालं गं? बोल ना!”

“आबा, हा पोरगा... वीज आहे हो!”

“हं. छान,” आबा म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

वीज अकरा नंबरला देऊन झाली होती. जादू, वारा, लोणी, सगळं देऊन झालं होतं. खरा माल आला तेव्हा माझ्या दुकानात शब्दच शिल्लक नव्हता.

“लोक किती ओरडतायत ऐकताय ना?” मी म्हटलं.

“लोक भांडणालाही ओरडतात.”

पुढच्या तीन आठवड्यांत गावाला वेडच लागलं. पोराने चार गोल केले. स्थानकावर लोक माझ्या खिडकीशी गाडीची वेळ विचारायला येत आणि सत्तावीस नंबरचं बोलत उभे राहत. एका ड्रायव्हरने सामना असलेल्या दिवशी रजेचा अर्ज केला, कारण लिहिलं ‘घरगुती’. साहेबांनी मंजूर केला आणि दोघंही मैदानावर एकमेकांच्या शेजारी बसलेले सापडले. बेकरीवाल्याने दुकानाच्या काचेवर हाताने रंगवून मोठा सत्तावीस काढला. शाळेतल्या मुली, दाताचे डॉक्टर, ज्यांनी कित्येक वर्षं मैदानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं असे लोक, सगळे त्या पोराला घरच्यासारखं ‘आपला’ म्हणू लागले. इतकी वर्षं मार खाल्लेल्या माणसांना अचानक कोणी मायेने जवळ घेतलं की ती कशी होतात, तसे झालो होतो आम्ही.

फक्त आमच्या घरात शांतता. एका संध्याकाळी आबा म्हणाले, “सूनबाई, पुढच्या वर्षीचं तिकीट नको काढूस. तेवढ्या पायऱ्या आता चढवत नाहीत.”

“आत्ता? आबा, आत्ता तर बघण्यासारखा पोरगा आलाय!”

“अगं, अकरा नंबरही तसाच होता ना? तूच सांगायचीस. आणि तो असताना आपण तळाला गेलो.” ते हसले, अगदी मायेने हसले. “तू छान सांगतेस. पण मला सगळे सारखेच दिसायला लागलेत.”

त्या रात्री मला घास गोड लागला नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट मी माझ्या मुलीला दहा वेळा सांगितली असेल, आणि स्वतः तेच करून बसले होते. पन्नास वर्षं हा माणूस असल्या पोराची वाट बघत त्या बाकावर बसला. पोरगा आला, आणि त्याच्या नि आबांच्या मध्ये कोण उभं होतं, तर मी.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सगळं ओकून टाकलं. अकरा नंबरने कधीच कोणाला चकवलं नव्हतं. लढत वगैरे काही नव्हती. बेकरीवाला खरं बोलत होता. “तुमचं तोंड पडलेलं बघवत नव्हतं म्हणून,” मी म्हटलं, आणि मलाच ते कारण लंगडं वाटलं.

आबांनी चहा संपवला. कप चाचपडत टेबलावर ठेवला. “मी त्या माणसाला पत्र लिहिलं,” एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्याने विचारलं, “तुमचं काय बिनसलंय?” मी म्हटलं, “तू झोप.”

रविवारी मी तिकिटाकडे बघतही नव्हते, तर आबा बूट घालून दारात उभे.

“चल. पण आज एक अट. कौतुक नको. वीज नको, वारा नको. मी घड्याळ उघडल्यावर आधी छान आहे असं म्हणायचो का? कुठलं चक्र कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरतंय, एवढंच बघायचो. तू तेवढंच सांग. छान आहे की नाही ते माझं मी ठरवीन.”

सुरुवातीला माझी फार त्रेधा झाली. मी “बॉल आला” म्हटलं की आबा विचारायचे, “कुठल्या पायावर?” मी “चकवलं” म्हटलं की “कसं ते सांग.” मला बघायलाच शिकावं लागलं. पोराची टाच, खांदा, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते. सहा वर्षं त्या बाकावर बसून मी फक्त बोलत होते, पाहिलं काहीच नव्हतं. हाफ टाइमपर्यंत माझा घसा कोरडा पडला, आणि आबांच्या मांडीवर त्यांची दोन बोटं चालायला लागली होती, थांबत, वळत, पुन्हा चालत.

“हा बॉल घ्यायची घाई करत नाही,” आबा हळूच म्हणाले. “समोरच्याला आधी चुकू देतो.”

मी त्यांच्याकडे बघितलं. हे मी सांगितलं नव्हतं. हे त्यांचं त्यांना कळलं होतं.

सत्तराव्या मिनिटाला एक-एक बरोबरी होती. “सत्तावीसकडे बॉल,” मी म्हटलं. “डावी बाजू. उजव्या पायाखाली. एक जण समोर, पुढे झुकलाय. बॉल त्याच्या डावीकडून ढकलला. गेला. आता एकटा. बॉक्समध्ये. गोलकीपर धावत येतोय. सहा पावलं. चार...”

“थांबेल,” आबा म्हणाले.

आणि पोरगा थांबला. भर धावेत, बॉलवर तळवा ठेवून, थांबला. गोलकीपर त्याच्या समोरून घसरत निघून गेला. पोराने बॉल रिकाम्या जाळ्यात ढकलला.

भोवती सगळे किंचाळत होते, नाचत होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि या वेळी त्याची गरजही नव्हती. आबा बसूनच होते. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं.

“दिसला,” ते म्हणाले. “सूनबाई, दिसला गं मला.”

त्या पोराला मी कधी भेटेन असं वाटत नाही, आणि भेटलेच तरी त्याला काय सांगणार? त्याला माहीतही नसेल की बाराव्या ओळीत त्याने काय केलं. पण बसस्थानकावरच्या त्या खोलीत बसून मी आजही मनातल्या मनात त्याचे आभार मानते. त्याने आबांना एक खेळाडू दिला, आणि मला आबांनी पुन्हा जवळ केलं.

सामना संपला तेव्हा मागून बेकरीवाला पुढे वाकला. माणूस बुटका, आणि गोलाच्या वेळी त्याच्या पुढे दोन धिप्पाड जण उभे राहिले होते.

“आबा, नेमकं झालं काय हो? मला नुसत्या पाठी दिसल्या.”

आबा वळले. दोन्ही हात वर केले, एक हात पोराचा, एक गोलकीपरचा, आणि सांगू लागले. कुठला पाय, किती पावलं, कोण कुठे झुकलं. आजूबाजूचे पाच-सहा जण जायचे थांबून ऐकू लागले. मी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं, बिनचूक.

“आणि थांबला ना,” आबा म्हणाले, “तेव्हा पोरगा गालातल्या गालात हसला.”

बाराव्या ओळीतून गालबिल काही दिसत नाहीत. मी तर तसं अवाक्षरही बोलले नव्हते. बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हटलं. “हसला.”