विल्फकाकाचं कुलूप

बाबांची शवपेटी सहा जणांच्या खांद्यावर, आणि रानाच्या फाटकाला हे भलंमोठं कुलूप! घातलं कोणी? तर बाबांच्या सख्ख्या भावानं.

आमच्या नेदरकोटला चर्च नाही. इथलं माणूस गेलं की पिकेट नावाच्या रानातून खांद्यावर पलीकडच्या मार्कमला न्यायचं, ही जुनी रीत. आईला तसंच नेलं. तेव्हा रान हवेलीवाल्यांचं होतं, त्यांनी कधी ब्र काढला नाही. पुढे हवेली विकली, रान विल्फकाकानं घेतलं आणि मेल्याच्या अंगात मालक शिरला. बाबांची हयात त्या रानात हेझलच्या झुडपांच्या काठ्या तोडण्यात गेली. जाताना त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं, "विनी, मला रानातूनच ने."

काका फाटकाला पाठ लावून उभा.

"कुलूप काढा, काका."

"प्रेत जातं त्या वाटेवर गावाचा हक्क लागतो, पोरी. उद्या कुणीही कुत्री घेऊन हिंडेल. रानाची वाट लावतील."

"असा कायदा नाही! पाद्रीबाबांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"त्याला काय कळतंय? तो लंडनचा."

"बरं, मग आईला नेलं तेव्हाच लागला की हक्क!"

काका गडबडला. "ते... ते धरायचं नाही. तेव्हा रान माझं नव्हतं."

"लवकर आटपा रे," पेटीखालून बेकरीवाला स्टॅन कण्हला, "तुझा बाप नॉर्मन काही हलका नाही. हातोडा आणू का, विनी?"

माझ्या मनात तर काकालाच उचलून आपटायचं होतं. पण बाबा खांद्यावर असताना हाणामारी करायची? तोंडातल्या शिव्या गिळल्या आणि सगळ्यांना सडकेनं वळवलं. लॉऱ्या अंगावर चिखल उडवत होत्या. चालताना मी बाबांची माफी मागत होते आणि संतापानं रडत होते.

मार्कमच्या चर्चच्या दारात बघते तर काका आमच्याआधी हजर! रानातून आला होता. बुटांना निळ्या फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या.

"खांदा देऊ दे, विनी. भाऊ होता गं माझा."

"होता ना? मग फाटकाशी कुठं गेला होता भाऊ? बाजूला व्हा."

"पोरी..."

"बाजूला व्हा म्हणते ना!"

स्टॅनचा खांदा सोलवटला होता, तरी त्यानं जागा सोडली नाही. पेटी आत गेली. काका दाराशी टोपी तोंडावर धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. रडू दे! मला काडीची दया आली नाही.