डिकीचा मान

दसऱ्याच्या आत दारी मोटार यावी, हे जयवंतने ठरवले होते. ती कोणती, हे मात्र त्याच्या आई, वनमालाबाई, ठरवणार होत्या. यजमान गेल्यापासून पार्ल्याच्या त्या बंगलीत त्यांच्या संमतीवाचून पान हलत नसे.

अंधेरीला चंद्रप्रकाश यांच्या गॅरेजात दोन वापरलेल्या स्पोर्ट्‌स मोटारी विक्रीस होत्या. एक पाच वर्षांची, लालभडक आणि बुटकी एम.जी., नेमकी दोन माणसांची. दुसरी एकवीस वर्षांची, काळी, लांब नाकाची. मायदेशी परतलेल्या कुणा साहेबाने मागे ठेवलेली. तिलाही पुढे दोनच आसने होती, पण पाठीमागचे झाकण उघडले की आणखी एक बैठक निघे. तिला डिकी म्हणत. पुढच्या दोघांना कापडी छप्पर, आणि डिकीवर उघडे आभाळ.

जयवंतचा जीव लाल मोटारीवर जडला होता. वनमालाबाईंनी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली. लग्नाला चारच महिने झालेला मुलगा दोन आसनांची मोटार घेतो, तेव्हा दुसरे आसन कोणाचे, एवढाच प्रश्न त्यांनी मनाशी केला आणि उत्तर त्यांना मुळीच रुचले नाही. चंद्रप्रकाश लाल मोटारीच्या वेगाचे गुण गाऊ लागले, तेव्हा आमच्या घरी कुणाला कसली घाई नाही, असे सांगून वनमालाबाईंनी त्यांना गप्प केले.

"आई, ती काळी माझ्या मुंजीच्या आधीची आहे गं," जयवंत कळवळून म्हणाला.

"मीही आहे. मला काढतोस का विकायला?"

आता सूनबाई नवऱ्याची बाजू घेणार, अशी वनमालाबाईंची अटकळ होती आणि तिला द्यायचे उत्तरही तयार होते. पण क्षमाने डिकीत डोकावून पाहिले आणि पदर सावरत ती म्हणाली, "आईंचंच बरोबर आहे. घर तिघांचं, तर मोटारही तिघांची हवी. मी बसेन की मागे."

आपल्याच वकिलाने विरुद्ध बाजूची साक्ष द्यावी, तसा जयवंत बायकोकडे पाहत राहिला. वनमालाबाईंना सुनेचे कौतुक वाटले. काळी मोटार घरी आली.

दसऱ्याला तिची पूजा झाली, झेंडूचा हार चढला आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाला तिघे निघाले. वनमालाबाई लेकाच्या शेजारी विराजमान झाल्या. आसन इतके खोलगट आणि छप्पर इतके खाली, की त्यांना हारापलीकडचे काही दिसेना, आणि त्या तर कुणालाच दिसेनात. मागे डिकीत मात्र क्षमा अंबारीत बसल्यासारखी ताठ बसली होती.

पहिल्याच वळणावर निवृत्त मामलेदार नंदकिशोर यांनी हात वर करून मोटार थांबवली आणि आपट्याचे सोने क्षमाच्या हाती ठेवले. पुढच्या फाटकातून शुभाताईंनी विचारले, "आई नाही आल्या? बऱ्या आहेत ना?" वनमालाबाईंनी छपराखालून ओ दिली, ती इंजिनाच्या घरघरीत विरली. मग महिला मंडळातल्या त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्धी सुगंधाबाई आल्या. त्यांनीही मान उंचावून क्षमालाच सोने दिले आणि म्हणाल्या, "आता घरातली कर्ती तूच दिसतेस हो!"

"जयवंत, गाडी थांबव," वनमालाबाई म्हणाल्या. वास्तविक गाडी थांबलेलीच होती.

त्या उतरल्या आणि सुनेला खाली येण्याची आज्ञा केली. क्षमाने नम्रपणे सुचवून पाहिले की मागे वारा फार, आणि चढायलाही अवघड.

"अवघड तुझ्या पाचवारीला," वनमालाबाई म्हणाल्या. नऊवारीचा कासोटा चाचपून त्यांनी मडगार्डवर पाय ठेवला आणि दुसऱ्या पावलाला त्या डिकीत होत्या.

वरून पार्ले जसे दिसायला हवे तसे दिसत होते. सुगंधाबाईंना परत फिरून, टाचा उंचावून, पुन्हा सोने द्यावे लागले. वनमालाबाईंनी ते सावकाश घेतले. वर्सोव्याच्या वाटेपर्यंत त्यांची ओटी आपट्याच्या पानांनी भरली. टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी थबकून हसल्या, तोही त्यांनी मुजराच मानला.

छपराच्या मागल्या चौकोनी काचेतून दोन डोकी दिसत होती. जागा बदलून निघताना त्यांच्यात हातभर अंतर होते. आता वीतभरही उरले नव्हते. मोटार इतकी संथ चालली होती की सायकलस्वार पुढे जात होते, आणि हे केवळ आईच्या आदराखातर असावे, असे काही वनमालाबाईंना वाटेना. हातातल्या छत्रीच्या टोकाने छपरावर दोनदा ठोकले असते, तर सून पुन्हा मागे आली असती. मग स्वतः मात्र त्या खोलगट आसनात, झेंडूच्या हारामागे.

त्यांनी छत्री आडवी ठेवली. समोरच्या फाटकाशी चार माणसे सोने घेऊन उभी होती. वनमालाबाईंनी पदर नीट केला आणि उजवा हात पुढे धरला.