चकचकीत रायफल मुकी राहिली तेव्हा

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात खिडकीपासून तिसऱ्या खाचेत उभी असलेली मी एक जुनी रायफल आहे. कालपरवापर्यंत माझ्या कानावर फक्त कौतुक पडत होतं.

कारखान्यात लोखंड तापलं, लाकूड तासलं आणि मी घडले. तिथल्या कारागिराने गोळ्या झाडून मला पारखलं, मगच दस्त्यावर ठसा मारला. ठाण्यात आले ती हवालदारबाईंच्या खांद्यावर विसावले. उन्हात त्यांच्याबरोबर, वाऱ्यात त्यांच्याबरोबर, धुळीच्या रस्त्याने गाडीतही त्यांच्याशेजारी.

दर सोमवारी तपासणी असे. साहेब माझ्या अंगावरून पांढरा रुमाल फिरवत. रुमाल स्वच्छ निघाला की शाबासकी. म्हणून आदल्या संध्याकाळी मला तेल चोपडलं जाई, जुनं न काढता त्यावरच नवं. गोळीबाराच्या सरावाला वेगळ्या रायफली होत्या. आम्ही ड्युटीच्या, आम्हाला उगाच काळं कशाला करा? अकरा वर्षं मी लखलखले. खरं सांगते, मला त्याचा तोराही होता.

मग नव्या रायफली घ्यायच्या की आम्हालाच ठेवायचं, हे ठरवायचा दिवस आला. मैदानावर साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघा, सोन्यासारखी! अकरा वर्षांत एक तक्रार नाही."

"तक्रार कशी असेल साहेब? तिला कधी तोंड उघडू दिलंय का?" शस्त्रं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका म्हणाले. "आज पुसू नका. गाडीतून उतरली तशीच चालवा."

"काका, सासूबाईसुद्धा माझ्यावर एवढा संशय घेत नाहीत हो!" हवालदारबाई हसल्या. त्या पालथ्या झोपल्या, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

एवढाच आवाज. बाईंच्या आधी मीच हादरले. माझ्यातून गोळी सुटलीच नाही?

"नळी समोरच ठेवा! कोणी हलू नका!" काका ओरडले. थोडं थांबून दुसरं काडतूस भरलं. पुन्हा टक्.

काकांनी मला उघडलं. तेलात धूळ कालवली जाऊन आत डिंकासारखा थर बसला होता. काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी पिन त्यातच रुतली होती.

"वरून घासली घागर, आत साचलं शेवाळ," काका हळूच म्हणाले.

बाई उठल्या. अंगावरची माती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. "काका, गेल्या महिन्यात... ती शाळा..."

शाळेच्या फाटकाशी एक माणूस सुरा उगारून धावून आला होता. बाईंनी मला त्याच्यावर रोखलं आणि त्याने घाबरून सुरा टाकला. ठाण्यात त्या दिवशी बाईंच्या बरोबरीने माझीही वाहवा झाली होती.

"मी त्या पोरांना म्हटलं होतं, माझ्या मागे उभे राहा," बाई म्हणाल्या. "त्याने सुरा टाकला नसता तर?"

बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, कोणती घ्यायची ते नंतर ठरवू. आत्ता ज्या रायफली घेऊन आपली माणसं नाक्यांवर उभी आहेत, त्या आधी बोलवा."

नाक्यांवरून एकेक जण आपली रायफल घेऊन आला. एकेक रायफल न पुसता तशीच चालवून पाहिली. बारापैकी पाच मुक्या निघाल्या. नमुना म्हणून आणलेल्या नव्या रायफलीलाही काकांनी लगेच होकार दिला नाही. "हिलाही महिनाभर गाडीत धूळ खाऊ दे. मग बोलू."

मित्रांनो, त्या मुलांना काही झालं नाही, तरी तो टक् आवाज माझ्या कानातून जात नाही. माझ्यावर विसंबून एक बाई सुऱ्यासमोर उभी राहिली, आणि मी आतून बंद आहे हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. ज्याच्या भरवशावर कुणाचा जीव उभा आहे, ते नुसतं पुसून ठेवू नका. वेळ यायच्या आधी चालवून पाहा. आम्हा वस्तूंना खोटं बोलता येत नाही. पण कुणी विचारलंच नाही, तर खरं तरी कसं सांगणार?