दोन नंबरची शाळा

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी पंचाहत्तर मिलिमीटर लांब, पंचवीस रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला छतापासून खाली उतरलेला तडा होता. त्या तड्यावर मोठ्या बाईंनी अशी एक पट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गोळा लावून. एका गोळ्यावर खिळ्याने तारीख कोरली होती. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकणार, आणि काच तडकेल त्या दिवशी शाळा बंद करायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. याला आठ महिने झाले. दर सोमवारी त्या पट्टी बघत. काच शाबूत असे.

त्याआधीची दोन वर्षं त्यांनी हाच निर्णय आज-उद्या करत ढकलला होता. शिक्षण खात्यातले साहेब फोनवर हसत म्हणाले होते, "बाई, तडा कुठल्या शाळेला नसतो? करा बंद, हवं तर. पण एकदा कुलूप लागलं की ते उघडायला कुणी येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा." शाळेत एकशे बारा मुलं होती. त्यांना हमरस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागलं असतं, आणि निम्मी गेलीच नसती. काच शाबूत होती, म्हणून बाईंना झोप लागत होती.

शाळेला पन्नास वर्षं पुरी होत होती. शनिवारी कार्यक्रम होता. स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम बाईंकडे आलं आणि त्या पहिल्याच ओळीत अडल्या. सगळी वस्ती शाळेला 'दोन नंबरची' म्हणे. फाटकावरही तेच रंगवलेलं होतं. मग एक नंबरची गेली कुठे? दफ्तरात काहीच सापडेना. शेवटी संध्याकाळी त्या जुन्या बाईंकडे गेल्या. जुन्या बाई इथूनच निवृत्त झालेल्या, आता ऐंशीच्या घरातल्या. त्या मटार सोलत बसल्या होत्या.

"इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तुलाच बरी नसती उठाठेव सुचली," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "एक नंबरची तिथेच होती. तुम्ही बसता त्याच जागेवर."

"मग ती पाडली?"

"पडली. वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून मोठा खड्डा केलेला. मग राख, कचरा, हाताला लागेल ते टाकून बुजवला आणि वर शाळा उभी केली. नाव होतं तिला, चांगलं लांबलचक. नंतर ते कुणाच्या तोंडून निघेना. म्हणून नवीला नुसता आकडा दिला."

"आधी काही कळलं नव्हतं?"

"न कळायला काय झालं! दारं अडकायला लागली होती. आमचे हेडमास्तर सुताराला बोलावून तासून घ्यायचे. एका महिन्यात तीनदा तासली. म्हणायचे, परीक्षा होऊ दे, मग बघू." त्यांनी एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. "एकोणीस मुलं होती वर्गात. माझ्या. मी पाणी प्यायला बाहेर आले होते. हे लिहू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी बाई शाळा भरायच्या अर्धा तास आधीच आल्या आणि थेट तिसरीच्या वर्गात गेल्या. काच शाबूत होती. त्यांना हायसं वाटलं, आणि इतकं हायसं वाटावं याचीच भीती वाटली. मन दुसरीकडे वळवावं म्हणून त्यांनी चौथीला दाखवायच्या कांद्याच्या पापुद्र्याची तयारी काढली. काचपट्ट्यांची पेटी हलकी लागली. पन्नासांची पेटी त्यांनीच फोडली होती आणि त्यातली एक भिंतीवर लावली होती. त्यांनी पट्ट्या मोजल्या. बेचाळीस. पुन्हा मोजल्या. बेचाळीसच.

"मामा, यातल्या सात पट्ट्या कुठे गेल्या?"

शिपाईमामा तीस वर्षं याच शाळेत होते. ते बाक पुसायचे थांबले आणि ओशाळं हसले. "सापडलो म्हणायचं! त्या तुमच्या भिंतीवरच लागल्या, बाई. पोरं वांड, चेंडू मारतात, काच फुटते. तुम्ही एवढ्या निगुतीनं लावलेली. उगाच पोरांना ओरडा बसेल, म्हणून मी रविवारी येऊन नवी बसवतो. तारीखसुद्धा तीच कोरतो, अगदी तुमच्या अक्षरात."

"चेंडू मारताना पाहिलंत कुणाला?"

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पाहिलं असं नाही…"

"पहिली कधी फुटली?"

"तुम्ही लावल्यावर दोन महिन्यांनी. मग पुन्हा तशीच दोन महिन्यांनी. मग महिन्याला एक. आता हे तीन आठवडे दर रविवारी." बाईंच्या चेहऱ्याकडे बघत त्यांचा आवाज खाली आला. "माझं काही चुकलं का?"

"मामा, या वर्गाचं दार अडकतं?"

"अडकायचं. परवाच तासून घेतलं. कार्यक्रम तोंडावर आला ना."

बाईंनी पेटी मिटली. छतातून बारीक काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज आला आणि थांबला. पाल असेल, उंदीर असेल. दोघंही वर बघत राहिले. बाहेर फाटक करकरलं आणि मुलांचा गलका आत शिरला. मामा सवयीने घंटेकडे निघाले.

"घंटा नको," बाई म्हणाल्या. "चला बाहेर. तुम्हीसुद्धा."

त्या मुलांना अडवायला धावल्या. वीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मुलं खिदळायला लागली. दोन्ही हात पसरून त्यांनी सगळ्यांना पार कुंपणापर्यंत मागे रेटलं.

"बाई, सुट्टी?" कोणीतरी ओरडलं आणि एकच जल्लोष झाला.

मामांनी हळूच विचारलं, "साहेबांना आधी फोन…?"

"नंतर."

धाकटीला सोडायला आलेली एक आई फाटकातच थांबली होती. तिला कामावर जायला उशीर होत होता. "बाई, सुट्टी असेल तर आदल्या दिवशी सांगत जा हो. हिला आता ठेवू कुठे? उद्या तरी भरणार ना शाळा?"

बाईंनी श्वास घेतला. त्यांना धाप लागली होती, तरी आवाज नेहमीसारखाच निघाला.

"नाही. शाळा बंद. मी बंद केली."