तीस नंबर लागला की पुढची सीट

मी बोलतोय, पण मला आता पुन्हा गुंडाळून आत जाता येत नाही.

मी एका लहान मोटारीतला पट्टा. चालवणाऱ्याच्या शेजारची जी पुढची सीट असते, तिचा. सध्या गॅरेजमधल्या तेलकट बाकावर पडलोय, पान्यांच्या ढिगाशेजारी. धडकेच्या क्षणी जो आवळलो तो आवळलोच. आमचं असंच असतं. एकदा खरोखर कामाला आलो की आमचं काम संपतं. त्याची मला खंत नाही. खंत आहे ती माझ्या अंगावरच्या एका शिवणीची. ती कारखान्यातली नाही. ती एका माणसाने हाताने घातली, मोठ्या प्रेमाने घातली, आणि तिच्याकडे पाहिलं की मला आजही धडकी भरते.

माझा जन्म मागावरचा. शेकडो धागे उभे-आडवे घट्ट विणून मला आकार दिला. माझ्या काही भावंडांना चाचणीसाठी माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांना बांधून भिंतीवर आदळलं गेलं. ती गेली, पण जाताना आम्हा सगळ्यांना एक धडा देऊन गेली. हाडं धरायची, मऊ भाग सोडायचा. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि छातीच्या हाडावर. खालचा पट्टा पोटावर नाही, त्याच्याही खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर. एवढंच मला येतं. आणि हे मला मोठ्या माणसाच्या अंगावरच येतं, कारण मला बेतलंय तेच मुळी मोठ्या माणसासाठी.

आता मला कुणी सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे?

पण माणसं! या सीटवर बसलेल्या किती जणांनी मला पाठीमागून नेऊन खटकन अडकवलं, का, तर गाडीतली टुंटुं बंद व्हावी म्हणून. एक काका तर चौकात पोलीस दिसला की मला छातीवर ओढून हाताने धरायचे आणि चौक गेला की सोडून द्यायचे. जणू मी पोलिसाला ओवाळायला ठेवलेला होतो. एकदा एक बाई मांडीवर तान्हं मूल घेऊन बसल्या आणि त्यांनी मला दोघांच्या वरून लावलं. त्या पूर्ण प्रवासात मी श्वास रोखून होतो. कुठे आदळलो असतो तर आईचं सगळं वजन त्या बाळावर आलं असतं, आणि मधे मी! कुणाला सांगू? मला तोंड कुठे होतं?

गाडी होती एका शिंप्याची. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शर्टाच्या छातीवर सदा चार टाचण्या टोचलेल्या, गळ्यात टेप. त्यांच्या नातीला ते ‘बटण’ म्हणत, कारण ती लहानपणी दुकानात रांगताना बटणंच वेचायची. बटणचे आईवडील सकाळी लवकर कामावर जात, म्हणून तिला शाळेत सोडायला-आणायला आजोबाच. तिची आत्या, म्हणजे आजोबांची धाकटी लेक, कॉलेजात शिकत होती. तिचं कॉलेज शाळेच्याच रस्त्यावर, त्यामुळे तीही गाडीत असायची, मागे बटणच्या शेजारी. बटणसाठी मागच्या सीटवर एक उंच बैठक आत्यानेच हट्टाने आणून बसवली होती. तिच्यावर बसलं की मागचा पट्टा बटणच्या बरोबर खांद्यावर येई. मागचा पट्टा माझा सख्खा भाऊ. तो खुशीत होता.

आणि मग आजोबांनी एक वचन दिलं. कधीतरी बटणने पुढे बसायचा हट्ट धरला, तेव्हा ते सहज बोलून गेले, “तीस नंबरचा गणवेश लागला, की तू पुढच्या सीटवर!”

मी सुन्न झालो. मूल पुढे कधी बसवायचं हे गणवेशाच्या नंबरावर? पण त्या घरात सगळी मापं याच नंबरांत चालत. अठ्ठावीस नंबरला एकटीने दुकानापर्यंत जायचं, तीस नंबरला पुढची सीट. आजोबांच्या बोलण्यात एवढा आत्मविश्वास असायचा, की कुणी विचारतच नसे.

शाळा सुरू झाली त्या सकाळी बटण नवा गणवेश घालून धावत आली, पुढचं दार उघडलं आणि धपकन बसली. “आजोबा, तीस!”

तिने मला ओढलं. मी तिच्या अंगावर आलो आणि हादरलो. वरून मी थेट तिच्या गळ्यावर होतो, खालून थेट पोटावर. तिचे गुडघे सीटच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते, म्हणून ती घसरून पुढे आली होती.

“आजोबा, टोचतंय हे मानेला.”

आत्या दार धरून उभी राहिली. “बटण, उतर. मागे बस.”

“अगं, तीस नंबर लागला तिला,” आजोबा म्हणाले.

“बाबा, तीस नंबर तुम्ही शिवलाय. ती तीस नंबरची झालेली नाही! वर्षभर पुरावा म्हणून तुम्ही दोन-दोन इंच वाढवून शिवता. बाह्या बघा, बोटं दिसत नाहीत पोरीची!”

“वाढत्या अंगाचं शिवतात ते. चाळीस वर्षं शिवतोय मी.”

“पट्टा वाढत्या अंगाचा नसतो, बाबा. आणि समोर ती हवेची पिशवी आहे ना डॅशबोर्डात, ती मोठ्या माणसासाठी फुटते. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ती फुटली तर?”

“आमच्या वेळी आम्ही टपावर बसून फिरलोय. कुणाला काय झालं?”

“ज्यांना झालं ते सांगायला येतात का?” आत्या म्हणाली.

त्या पोरीला मी तेव्हाच मनोमन हात जोडले. कॉलेजात जाऊन काय शिकतात पोरी, असं म्हणणाऱ्यांनी तो एक प्रश्न ऐकायला हवा होता.

बटण रडत मागे गेली. पण आजोबांना नातीचं रडणं कधी सोसलं नाही. ते तिच्याकडे वळून म्हणाले, “कपडा टोचत असेल तर कपडा दुरुस्त करायचा. दुपारपर्यंत करतो.”

आणि दुपारी त्यांनी केला.

दुकानासमोर गाडी उभी करून ते जाड सुई आणि दुहेरी दोरा घेऊन माझ्याजवळ बसले. पँटच्या कमरेला असतो तसा एक लूप त्यांनी कापला आणि माझा वरचा भाग खालच्या भागाला त्या लुपाने बांधून टाकला, म्हणजे मी मानेपासून खाली ओढला जाईन. टाका एकसारखा, नीट, दाताने दोरा तोडून. सुई आरपार जाताना मी कळवळलो. ती माझ्या अंगात शिरत होती म्हणून नाही. मी आता खांद्यावर राहणार नव्हतो म्हणून. मी दंडावर घसरणार होतो आणि पोटावर चढणार होतो. जे सोडायचं तेच धरणार होतो.

मग ते आत गेले आणि पुतळा घेऊन आले. दुकानात मुलांचा गणवेश टांगायला एक पुतळा होता, कागदाच्या लगद्याचा, डोक्यापासून मांड्यांपर्यंत. कधी बोलत नाही म्हणून बटणने त्याचं नाव गप्प्या ठेवलं होतं. त्याला तीस नंबरचा गणवेश घालून आजोबांनी माझ्या सीटवर बसवलं आणि मला अडकवलं. त्यांच्या दुकानाचा तो नेम होता. ट्रायल झाल्याशिवाय कुठलाही कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा नाही.

शाळा सुटली. बटण पुढच्या दाराशी आली आणि थबकली. “गप्प्या का माझ्या जागेवर?”

“आधी ट्रायल. घरी पोचेपर्यंत पट्टा जागचा हलला नाही, तर उद्यापासून तू.”

“उद्या नक्की?”

“अगदी नक्की.”

बटण गाल फुगवून मागे आपल्या बैठकीवर बसली. आत्याने तिचा पट्टा लावला, मग पुढे वाकून माझा लूप पाहिला. “बाबा, हे काय करून ठेवलंत? हे मी आज घरी गेल्यावर उसवणार.”

“उसवून तर बघ. माझी शिवण आहे ती.”

“तुम्ही पट्ट्याचा फास केलाय!”

“आत्या, गप्प्याला आवडलंय ते,” मागून बटण म्हणाली. आजोबा हसले. त्या गाडीत ते शेवटचं हसू.

वेग काही फार नव्हता. जोर लावला तर सायकलवाल्यानेही गाठलं असतं. एका फाटकातून भरलेला टेम्पो मागे न बघता रस्त्यावर आला. आजोबांनी ब्रेक दाबला. उशीर झाला होता.

पुढचं सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात झालं. मी आवळलो. गप्प्या पुढे आला. लुपाने मला खाली खेचलं, मी त्याच्या दंडावरून सटकलो आणि सगळा जोर त्याच्या पोटावर घेतला. त्याच क्षणी समोरची पिशवी फुटली. ती दुष्ट नाही हो, तिला जे सांगितलंय तेच तिने केलं. मोठ्या माणसाच्या छातीसाठी ती सुटली, आणि तिच्यासमोर होतं लहान डोकं.

मग शांतता. पांढरी पूड आणि जळल्यासारखा वास.

“बटण! बटण, बोल ना गं!”

“आत्या, दुखतंय. इथे.”

खांद्यावर. फक्त खांद्यावर, माझ्या भावाचा, मागच्या पट्ट्याचा, एक लाल वळ, जिथे असायला हवा बरोबर तिथे. आत्या तिला कुरवाळत राहिली, मग एकदम हुंदका देऊन थांबली, कारण बटण विचारत होती, “गप्प्याचं डोकं कुठंय?”

ते आजोबांच्या पायाशी होतं.

आजोबांचं मनगट सुजलं होतं. त्यांनी दुसऱ्या हाताने गप्प्याचा सदरा चाचपला. तीस नंबर. पोटाशी पुतळा फुटून आत गेला होता आणि त्या खळग्यात मी रुतलो होतो. मला ठाऊक आहे, गप्प्या माणूस नव्हता. खऱ्या मुलाचं काय झालं असतं ते तो तंतोतंत सांगू शकत नाही. पण तेवढं पुरे होतं. आजोबांची बोटं माझ्या लुपावर आली आणि तिथेच राहिली. एकही टाका तुटला नव्हता. त्यांची शिवण कधीच उसवत नसे.

“उद्या,” ते पुटपुटले. “उद्या नक्की म्हणालो होतो मी.”

आत्याला काय काय बोलता आलं असतं! एरवी ती बोललीही असती. ती फक्त म्हणाली, “बाबा, बाहेर या आधी.”

आज गाडी दुरुस्त झाली. माझ्या जागी नवा पट्टा आलाय, करकरीत, बिनशिवणीचा. न्यायला तिघं आली. मेकॅनिकने किल्ली देताना विचारलं, “पोरगी पुढे बसते का?”

आजोबांनी कुठलाच नंबर सांगितला नाही. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “तेराची होईपर्यंत मागेच. आणि बैठक काढायची ती पट्टा नीट बसेल तेव्हा.”

“मी नुसतं बसून बघू?” बटणने विचारलं. “गाडी बंद आहे ना!”

ती पुढे बसली. पाठ टेकवली. पाय हवेत राहिले. नवा पट्टा ओढला, आणि तो गळ्यावर आला, जसा मी आलो होतो. आजोबांचा हात सवयीने छातीवरच्या टाचणीकडे गेला. टाचणी अर्धी निघाली. मग त्यांनी ती पुन्हा आत दाबली, अगदी डोक्यापर्यंत, आणि हात मागे बांधले.

“आजोबा, नाही बसत,” बटणच म्हणाली. तिने पट्टा सोडला, उतरली आणि जाऊन आपल्या बैठकीवर बसली.

गाडी निघून गेली. मला उद्या भंगारात टाकतील. जाण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या मुलासाठी मला कापू नका, शिवू नका, वळवू नका, काखेखाली सरकवू नका. मला बदलू नका. मूल माझ्या मापाचं होईल. तोवर त्याला मागे बसू द्या, रुसलं तर रुसू द्या.

गप्प्याला डोकं नव्याने बसवता येईल.